मराठी वाक्याकडून इंग्रजी वाक्याकडे

गोव्याच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील असंख्य मुलांचे शिक्षण वर्षानुवर्षे चौथीपर्यंत मराठीतून होत आले आहे, आणि पाचवीत पाऊल टाकताच गणित, विज्ञान, इतिहास हे सारे विषय त्यांच्यापुढे इंग्रजीतून उभे राहतात. शब्दांची अडचण शब्दकोशाने आणि सरावाने हळूहळू दूर होते. वाक्याची अडचण मात्र पुष्कळदा पदवीपर्यंत सोबत करते. तिचे मूळ मुलांच्या बुद्धीत नाही. दोन्ही भाषांच्या शालेय व्याकरणांत वाक्यांच्या प्रकारांना सारखीच नावे आहेत, त्यामुळे त्या नावांखालची रचनाही सारखीच असेल असा समज शिक्षक आणि विद्यार्थी दोघांचाही होतो, आणि तो समज खरा नाही, हे या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे.

नावे सारखी होण्यामागे इतिहास आहे आणि त्याचा एक धागा गोव्यातूनच जातो. 1579 मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेज्युइट धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्स यांनी 1583 मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते असे निरीक्षण नोंदवले. 1616 मध्ये त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले, आणि कोकणीचे पोर्तुगीज भाषेत लिहिलेले त्यांचे व्याकरण त्यांच्या निधनानंतर, 1640 मध्ये, रायतूर येथे छापले गेले. त्या व्याकरणाचा साचा लॅटिनचा होता, आणि त्यात नवल नाही. कारण स्टीफन्स गोव्यात आले तेव्हा खुद्द इंग्रजीचे छापील व्याकरणही अस्तित्वात नव्हते. विल्यम बुलोकर यांनी ते 1586 मध्ये प्रसिद्ध केले, तेही लॅटिनच्याच वळणावर. पुढे लिंडली मरे यांचे 1795 चे इंग्रजी व्याकरण शाळाशाळांतून पोचले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 मध्ये मराठी व्याकरण रचले तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणांचीच मांडणी होती, आणि मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही परंपरांची कसून छाननी झाली. आज शालेय पुस्तकात दिसणारी केवल, मिश्र आणि संयुक्त ही विभागणी इंग्रजी वाक्यपृथक्करणाच्या वाटेने मराठीत रुळली. मरे यांनी स्वतः वाक्याचे केवल आणि संयुक्त असे दोनच प्रकार मानले होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही विभागणी अटळ नसून सोयीची आहे, हेही कळते.

वाक्याचे पहिले वर्गीकरण बोलणाऱ्याच्या हेतूवरून होते : विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी आणि उद्गारार्थी. यातील प्रश्नार्थी वाक्यच विशेष लक्ष देण्याजोगे आहे. मराठीत प्रश्न विचारण्यासाठी वाक्याची मोडतोड करावी लागत नाही. ‘तू म्हापशाला जातोस’ या विधानापुढे ‘का’ ठेवला की प्रश्न तयार होतो, आणि ‘म्हापशाला’च्या जागी ‘कुठे’ बसवले तरी बाकीचे शब्द हलत नाहीत. इंग्रजीत मात्र प्रश्नवाचक शब्द वाक्याच्या तोंडाशी येतो, साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते, आणि साहाय्यक क्रियापद नसेल तर ‘डू’ खास त्या कामासाठी आणावे लागते : ‘व्हेअर डू यू गो?’ हा उलटा क्रम एकदा अंगवळणी पडला की मुले तो नको तेथेही वापरतात, आणि ‘तू कुठे राहतोस ते सांग’ याचे ‘टेल मी व्हेअर डू यू लिव्ह’ होते. येथे प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात शिरला आहे, म्हणून इंग्रजीत त्याचा क्रम पुन्हा विधानासारखा, ‘व्हेअर यू लिव्ह’ असा होतो.

दुसरे वर्गीकरण रचनेवरून होते आणि खरी गुंतागुंत तेथे आहे. ज्यात एकच उद्देश्य आणि एकच विधेय, म्हणजे वाक्य पूर्ण करणारे एकच क्रियापद असते, ते केवल वाक्य; एक प्रधान वाक्य आणि त्याच्यावर अवलंबून असलेली एक वा अनेक गौण वाक्ये मिळून मिश्र वाक्य; आणि बरोबरीच्या नात्याने जोडलेल्या प्रधान वाक्यांचे संयुक्त वाक्य. व्याख्या दोन्ही भाषांत याच आहेत. आता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले एक वाक्य पाहावे : ‘हरमलहून मिरच्या विकायला आलेल्या बाईने दिलेली पिशवी आईने घरी पोचल्यावर उघडली.’ या वाक्यात येणे, विकणे, देणे, पोचणे आणि उघडणे अशा पाच क्रिया आहेत. पण वाक्य पूर्ण करणारे क्रियापद ‘उघडली’ हे एकच आहे. ‘विकायला’, ‘आलेल्या’, ‘दिलेली’, ‘पोचल्यावर’ ही सारी धातुसाधिते, म्हणजे धातूपासून बनलेली पण वाक्य पूर्ण न करणारी रूपे आहेत. मराठी व्याकरणाच्या काटेकोर निकषावर हे लांबलचक वाक्य केवल वाक्य ठरते.

हाच आशय इंग्रजीत सहजपणे मांडायचा तर तो असा होतो : ‘व्हेन मदर रीच्ड होम, शी ओपन्ड द बॅग व्हिच द वुमन हू हॅड कम फ्रॉम हरमल टु सेल चिलीज हॅड गिव्हन हर.’ येथे ‘विकायला’ हे एक रूप ‘टु सेल’ म्हणून जसेच्या तसे राहिले. उरलेल्या तीन धातुसाधितांची तीन स्वतंत्र गौण वाक्ये झाली, त्यांपैकी दोन विशेषणवाक्ये आणि एक क्रियाविशेषणवाक्य. वाक्य पूर्ण करणारी क्रियापदे आता चार आहेत आणि वाक्य मिश्र आहे. इंग्रजीतही ‘ऑन रीचिंग होम’ यासारख्या रूपांनी काही गौण वाक्ये आवळता येतात, परंतु नामाच्या आधी विशेषणांची अशी लांब रांग लावणे त्या भाषेला पेलत नाही. इंग्रजी विशेषणवाक्य नामाच्या मागून येते, मराठी धातुसाधित नामाच्या पुढे चालते. ज्या मुलाला ‘केवल म्हणजे सोपे, मिश्र म्हणजे कठीण’ असे शिकवले गेले आहे, त्याला आपल्या तोंडचे केवल वाक्य इंग्रजीत मिश्र का होते याचा उलगडा होत नाही, आणि तो ‘कमिंग वुमन’, ‘गिव्हन बॅग’ असे शब्द एकापुढे एक मांडत जातो.

या दोहोंमधला पूल मराठीतच आहे आणि तो वर्गात फारच कमी वापरला जातो, ही खेदाची गोष्ट आहे. जो–तो, जेव्हा–तेव्हा, जर–तर, जरी–तरी या जोड्या मराठीच्या जुन्या, घरच्या जोड्या आहेत. वरचे वाक्य इंग्रजीत नेण्याआधी विद्यार्थ्याने ते ‘जी बाई हरमलहून मिरच्या विकायला आली होती, तिने जी पिशवी दिली होती, आई जेव्हा घरी पोचली तेव्हा तिने ती उघडली’ असे मोकळे करून घेतले, तर प्रत्येक क्रियेला तिचा कर्ता आणि तिचे पूर्ण क्रियापद मिळते. मराठी म्हणून हे वाक्य अवजड आहे, पण इंग्रजीची तयारी म्हणून त्याचा उपयोग मोठा आहे.

मात्र या पुलावरून जाताना जोडीतला दुसरा शब्द मागे ठेवावा लागतो. मराठीत ‘जरी’च्या मागे ‘तरी’ आले नाही तर वाक्य लंगडे वाटते. इंग्रजीत ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ आला तर तो दोष ठरतो, कारण ‘ऑल्दो’ने एक वाक्य आधीच गौण केलेले असते आणि ‘बट’ हे बरोबरीची वाक्ये जोडणारे अव्यय आहे. ‘ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ हे भारतीय वर्गांतून ठिकठिकाणी भेटणारे वाक्य मिश्र आणि संयुक्त या दोन रचनांची सरमिसळ आहे, आणि ती सरमिसळ ‘जरी–तरी’च्या सवयीतून आलेली आहे.

‘की’ या अव्ययाची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘त्याने सांगितले की मी येतो’ या मराठी वाक्यात ‘मी’ म्हणजे सांगणारा. ‘की’नंतर त्याचे बोलणे जसेच्या तसे येते, पुरुष आणि काळ बदलत नाही. इंग्रजीत ‘दॅट’नंतरचे नामवाक्य निवेदकाच्या बाजूने सांगितले जाते, म्हणून पुरुषही बदलतो आणि बहुधा काळही : ‘ही सेड दॅट ही वॉज कमिंग.’ विद्यार्थ्याने ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग’ असे लिहिले, तर वहीत खूण करण्याजोगी ढोबळ चूक शिक्षकाला दिसत नाही, वाक्य वरवर धडधाकट असते, पण येणारा माणूस बदललेला असतो. आणि तो बदल मुलाला ‘येणार कोण?’ असे मराठीत विचारल्यावाचून उघडकीस येत नाही.