मनाच्या आजाराविषयीं कोणाचें ऐकावें ?

( नभोवाणीवरील भाषण )

घरांत कोणास ताप आला तर आपण प्रथम तापमापक लावतों. आकडा दिसला कीं वाद मिटतो. मनाच्या आजारास असें कांहीं साधन नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, त्याविषयीं बोलण्याचा अधिकार प्रत्येकास आहे अशी आपल्याकडे समजूत होऊन बसली आहे. शेजारी बोलतात, आप्त बोलतात, हातांतला मोबाइल तर अहोरात्र बोलतो. ह्यांतून कोणाचें ऐकावें हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ वाटेल. परंतु त्यापायीं एका मुलाचे आठ महिने वायां गेलेले मीं पाहिले आहेत, आणि त्या विलंबांत माझाही वांटा आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा नुकताच नोकरीस लागला होता. हळूहळू त्याची झोप उडाली. कचेरींतले लोक आपल्याविषयीं कुजबुजतात असें तो म्हणूं लागला; पुढें पुढें तर जवळ कोणी नसतांनाही त्याला आवाज ऐकूं येऊं लागले. एका काकांनीं ‘कामाचा ताण आहे, चार दिवस कोंकणांत पाठवा’ असें सांगितलें. एका मावशींना दृष्ट लागल्याची खात्री होती. एका स्नेह्यानें मोबाइलवर आलेली चित्रफीत दाखविली. तींत एक गृहस्थ, कोणत्याही मनोविकारावर आपलें एकच चूर्ण पुरतें, असें हंसतमुखानें सांगत होते. शेवटीं बहीण मला म्हणाली, “दादा, तुझें वाचन एवढें, तूंच सांग काय तें.” मीं वडिलांच्या कपाटांतला एक जाड ग्रंथ काढून तिच्या हातीं दिला. ग्रंथ विद्वानाचा होता, भाषा प्रौढ होती, आणि हा आजार बहुधा बरा होत नाहीं असें त्यांत गंभीरपणें लिहिलेलें होतें. तें वाचून ती माउली खचून गेली. इलाजच नाहीं तर डॉक्टर कशाला, असें तिला वाटलें असल्यास नवल नाहीं.

तो ग्रंथ १९३८ सालचा होता. लेखकानें खोटें लिहिलें नव्हतें. त्याच्या काळीं स्थिति तशीच होती. असले भास व भ्रम कमी करणारें पहिलें परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझीन, मनोरुग्णांना देण्यास १९५२ सालीं पॅरिसमध्यें प्रारंभ झाला आणि तेथून चित्र पालटलें. आज अशा आजारांत उपचार जितके लौकर सुरू होतील तितका गुण येण्याचा संभव अधिक, असें वैद्यकशास्त्र सांगतें. मीं लेखकाच्या पदव्या पाहिल्या. सन मात्र पाहिला नाहीं. जुन्या ग्रंथांत समलिंगी आकर्षण हाही रोग म्हणून नोंदलेला सांपडतो. जागतिक आरोग्य संघटनेनें तो आपल्या यादींतून १९९० सालीं वगळला, तरी अजून कित्येक आईबाप आपल्या निरोगी मुलांना ‘बरें’ करावयास निघतात.

चूर्णवाल्या गृहस्थांविषयीं फार बोलावयास नको. मेंदूचे विकार, अपस्मार इत्यादि रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिराती १९५४ च्या कायद्यानें निषिद्ध आहेत. कायदा जुना, चूर्णें मात्र रोज नवीं !

खरी अडचण निराळीच आहे. आपल्या हिताची कळकळ असणारीं माणसेंच पुष्कळदां चुकीचें सांगतात, आणि तेंही अगदीं ठामपणें. उदासीनतेच्या आजारावरील गोळ्यांचेंच पाहा. आप्त म्हणतात, ‘घेऊं नका, जन्माची संवय लागेल.’ दुसरा कोणी म्हणतो, ‘खुशाल घ्या, दोन दिवसांत हुशारी वाटेल.’ दोघेही चुकतात. ह्या गोळ्यांचा गुण दिसावयास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, मळमळीसारखा त्रास मात्र आधीं जाणवूं शकतो, आणि म्हणून पुष्कळ लोक नेमक्या त्याच आठवड्यांत त्या सोडून देतात. नशेची ओढ लागावी तशी ओढ त्यांनीं लागत नाहीं, तरी त्या एकाएकीं बंद करावयाच्या नसतात. उलट, कांहीं झोपेच्या व चिंतेवरच्या गोळ्यांची संवय खरोखरच लागते. जो असा भेद करून सांगतो, गुणाबरोबर त्रासही सांगतो, त्याचें ऐकावें. ज्याच्या बोलण्यांत ‘बहुधा’ आणि ‘कांहीं जणांस’ हे शब्दच येत नाहींत, त्याच्याविषयीं मी सावध असतों. स्वतः आजार भोगून बाहेर आलेल्यांचे अनुभव अवश्य वाचावे, त्यांनीं धीर येतो. पण औषधाची मात्रा त्यांतून उचलूं नये.

आणखी एक घातक समजूत अशी कीं, जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार मनांत येतो का असें विचारल्यास तो विचार नव्यानें रुजतो. तसें होत नाहीं. शांतपणें विचारावें, त्या माणसास एकटें सोडूं नये आणि तत्काळ मदत मिळवावी.

अशी मदत दूर नाहीं. केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठींतूनही बोलतां येतें. मानसोपचारतज्ज्ञाचें नांव वैद्यक परिषदेच्या नोंदणींत पाहावें. ‘समुपदेशक’ हा शब्द फार सैल झाला आहे. शिक्षण कोठें झालें, किती वर्षें झालें, हें खुशाल विचारावें. त्यांत उद्धटपणा नाहीं. बंगळूरच्या निम्हान्स ह्या राष्ट्रीय संस्थेनें २०१५-१६ सालीं बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हां निरनिराळ्या मनोविकारांत शेंकडा ७० ते ९२ रुग्ण उपचाराविना असल्याचें आढळलें. हा आकडा देतांना हेंही सांगितलें पाहिजे कीं त्या बारांत महाराष्ट्र नव्हता.

माझा भाचा अखेर डॉक्टरांकडे गेला तो आठव्या महिन्यांत. आतां तो पुनः अर्धा दिवस कामावर जातो. आवाज पुरते गेलेले नाहींत. पहिल्या भेटीस बहिणीनें एका जुन्या वहींत सतरा प्रश्न लिहून नेले होते. डॉक्टरांनीं पंधरांचीं उत्तरें दिलीं आणि उरलेल्या दोहोंविषयीं, “हें आज मला सांगतां येणार नाहीं, तीन महिन्यांनीं पाहूं,” असें म्हटलें. घरीं आल्यावर ती मला म्हणाली, “दादा, ह्यांचें मी ऐकणार.”