कांड्या कोण भरतं?

(७ ऑगस्टच्या राष्ट्रीय हातमाग दिनानिमित्त महासंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



मला सांगितलं होतं की हातमाग दिनावर बोल. पण सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करणार आहे. ती चूक एका ताईंनी माझ्या पदरात घातली आणि त्यातून मी जे शिकले, ते कॉलेजच्या दोन वर्षांत शिकले नव्हते.

मी नवीन नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट. येवल्यात गटांची माहिती भरायचं काम होतं. एका घरी गेले. पुढच्या खोलीत माग, दादा मागावर बसलेले. ताई खाली भिंतीला टेकून रहाटावर रेशीम गुंडाळत होत्या. मी फॉर्म काढला. दादांच्या नावापुढे लिहिलं, "पैठणी विणकर". ताईंच्या नावापुढे न विचारताच लिहिलं, "गृहिणी".

ताईंनी मान वाकडी करून वाचलं. म्हणाल्या, "का गं बाई, मी गृहिणी, तर मग ह्या कांड्या कोण भरतं? पाहुणे येऊन भरतात का?"

मी हसले. त्या मात्र हसल्या नाहीत.

ज्या ताया पेठ, सुरगाण्याकडून आल्यात, त्यांनी कदाचित माग जवळून पाहिला नसेल, म्हणून थोडं सांगते. पैठणीच्या पदरावर मोर असतो, मुनिया असते, कमळ असतं. ते छापलेलं नसतं, नंतर भरतकाम करून काढलेलंही नसतं. विणतानाच तयार होतं. मोराच्या मानेचा रंग वेगळा, पंखाचा वेगळा, चोचीचा वेगळा. प्रत्येक रंगाची छोटी कांडी वेगळी. विणकर ताण्याचे धागे मोजत मोजत, जिथे जो रंग हवा तिथे ती कांडी फिरवतो, आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवतो. म्हणून हाताच्या खऱ्या पैठणीची मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते, मागे लोंबणारे धागे नसतात. यंत्रमागाच्या नकली पैठणीत बऱ्याचदा मागे धागे कापलेले दिसतात. पुढच्या वेळी कुणाच्या लग्नात हळूच पदर उलटून बघा.

आता सांगा, रेशमाच्या लडी उकलायच्या, रंग बघून लावायचे, कांड्या भरायच्या, तुटलेला धागा जोडायचा, हे कोण करतं? बहुतेक घरांत बाई करते. आणि आता येवल्यात, शेजारच्या नागड्यासारख्या गावात स्वतः मागावर बसणाऱ्या बायकाही पुष्कळ आहेत. साधी पैठणी व्हायला काही आठवडे लागतात, भरगच्च पदराची असेल तर कित्येक महिने. व्यापारी मजुरी साडीमागे देतो. त्यात कांड्यांची मजुरी धरलेलीच असते. पण वहीत नाव एकाचंच.

घरी आल्यावर मी जरा वाचलं, आणि मलाच लाज वाटली. केंद्र सरकारने २०१९-२० मध्ये चौथी हातमाग गणना केली. देशभरात ३५ लाखांहून जास्त हातमाग कामगार मोजले. त्यात दर १०० मध्ये साधारण ७२ बाया आहेत! आणि ऐका, त्या गणनेत नुसते मागावर बसणारेच मोजलेले नाहीत. कांड्या भरणं, ताणा तयार करणं अशी मागाच्या आधीची कामं करणारेही मोजलेत, आणि ते आठ लाखांच्या वर आहेत. म्हणजे सरकारी गणनेतसुद्धा कांड्या भरणारी बाई कामगार आहे. तिला "गृहिणी" करून टाकणारी मी होते, समाजकार्याची पदवी घेतलेली!

मी दुसऱ्या आठवड्यात परत गेले, फॉर्म दुरुस्त केला. त्या ताईंनी चहा दिला, आणि मग आतून एक वही आणून दाखवली. मुलाची जुनी शाळेची वही. पानापानावर रेशमाचे बोटभर तुकडे चिकटवलेले, दोन-दोन, तीन-तीन रंग शेजारी. खाली अक्षरं: रामा, अंजिरी, चिंतामणी, अबोली, मोरपंखी. कुठे फुली, कुठे बरोबरची खूण.

मी विचारलं, "ताई, हे काय?"

म्हणाल्या, "कोणता रंग कोणाशेजारी नांदतो, ते बघते. कांड्या भरता भरता डोक्यात येतं. रात्री भांडी झाली की चिकटवते. नाहीतर सकाळपर्यंत विसरते."

पंधरा वर्षं त्या हे करत होत्या. घरात कुणी त्याला काम म्हणत नव्हतं, त्या स्वतःही म्हणत नव्हत्या. व्यापारी सांगेल तोच रंग विणायचा. बहुतेक वेळा तेच ते, राणी आणि मोरपंखी, कारण ते खपतं.

त्या वहीत एक रंग होता, लाल कांद्याची वाळलेली साल असते ना, अगदी तसा. आपल्याकडे कांद्याच्या चाळीत तो रंग रोज पायाखाली असतो. ताईंना त्या रंगात काहीतरी विणायचं होतं, काठ हिरवा, कांद्याच्या पातीसारखा. पण पूर्ण साडीची जोखीम कोण घेणार? साडी पडून राहिली तर दोन महिन्यांची मजुरी गेली. मग त्यांनीच मार्ग काढला, साडी नको, तीन दुपट्टे विणू. आणि गटाकडे १०,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं.

त्या सभेला मी होते. कर्जाच्या रजिस्टरमध्ये "कारण" असा रकाना असतो, तुम्हाला माहीत आहे. आपण लिहितो दवाखाना, बी-बियाणं, शेळी, पोराची फी. सचिवताईंनी पेन उचललं आणि विचारलं, "काय लिहू?" ताई म्हणाल्या, "नवीन रंग." एकदम शांतता! मग एक काकू म्हणाल्या, "रंगासाठी कर्ज? उद्या कुणी नेलपॉलिशला मागंल." सगळ्या हसल्या. ताईंचा चेहरा पडला.

तेव्हा गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी बोलल्या. त्या म्हणाल्या, "माझ्या धन्यानं जन्मभर नवीन बी लावून बघितलं. दोनदा बुडालं, एकदा साधलं. त्याला कुणी हसलं नाही. हिचं बी रंगाचं हाय, एवढंच."

कर्ज मंजूर झालं. रजिस्टरमध्ये लिहिलं, "नवीन नमुना तयार करणे".

पुढे काय झालं ते खरं खरं सांगते, उगाच फुगवून सांगत नाही. पहिला दुपट्टा लगेच गेला. दुसऱ्याला तीन महिने लागले. तिसरा विकलाच गेला नाही, तो ताईंच्या कपाटात आहे. कर्ज सात हप्त्यांत फिटलं, त्यातले दोन हप्ते त्यांनी मजुरीतून भरले. आणि नंतर एका व्यापाऱ्याने तोच रंग साडीसाठी मागितला. ताईंना मागितला तसा आणखी दोन मागांवरही दिला. रंग कुणी शोधला हे कुठेच आलं नाही.

मी चिडले होते. ताई म्हणाल्या, "रंग काय माझ्या बापाचा आहे का? पण एक झालं, आता घरात रंग ठरवायचा असला की मला विचारतात."

तायांनो, ही छोटी गोष्ट नाही. आपण "कलाकार" म्हटलं की मुंबई-पुण्याकडे बघतो. पण तालुक्याच्या गावात, माग आणि चूल यांच्यामध्ये बसून एक बाई पंधरा वर्षं रंगांचा अभ्यास करते, तीही कलाकारच. तिला नव्हती ती एकच गोष्ट, त्या अभ्यासाला काम म्हणणारं माणूस. ते तिला गटात मिळालं.

आणि हे फक्त पैठणीचं नाही. आपल्या त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या वारली घरांमध्ये लग्नाचा चौक भिंतीवर पूर्वापार सवाष्णी लिहीत आल्या. तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने. पुढे पालघर जिल्ह्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं कागदावर आणली, जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं मोठेपण मोठंच आहे. पण भिंतीवर चौक लिहिणाऱ्या त्या आज्यांची नावं किती जणांना माहीत आहेत? भिंत सारवली की चित्र गेलं आणि नावही गेलं. हीच गोष्ट गोधडीची. आपल्या आईने शिवलेल्या गोधडीवर तिचं नाव कुठे असतं?

म्हणून आज मला हातमाग दिनाला तुमच्याकडून चार गोष्टी मागायच्या आहेत.

पहिली, नमुना वही. नवीन वही विकत घ्यायची गरज नाही. गोधडीच्या टाक्यांची, बांबूच्या विणीची, रांगोळीची, रंगांची, जे तुमचं असेल त्याची वही करा. प्रत्येक पानावर तारीख आणि स्वतःचं नाव. मोबाईलमध्ये फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाका. त्याने नक्कल थांबेल असं मी म्हणत नाही. पण हे मी केलं आणि या दिवशी केलं, हे सांगायला हातात काहीतरी असेल.

दुसरी, तासांचा हिशेब. मागे एका गटात गोधडीचा हिशेब मांडला. गोधडी विकली ९०० रुपयांना. दोरा, अस्तर मिळून खर्च २०० रुपये. उरले ७००. ती काकू म्हणाली, "७०० सुटले." मग तास मोजले. दुपारचे, रात्रीचे धरून ६० तास! म्हणजे तासाला पावणेबारा रुपयेसुद्धा पडले नाहीत. काकू गप्पच झाल्या. पुढची गोधडी त्यांनी ९०० ला दिली नाही. किंमत लगेच दुप्पट होणार नाही, मला माहीत आहे. पण आपण किती स्वस्तात देतोय हे कळल्याशिवाय भाव कसा मागणार?

तिसरी, कागद स्वतःच्या नावाचा. विणकरांसाठी विणकर ओळखपत्र आहे, हस्तकलेच्या कारागिरांसाठी "पहचान" ओळखपत्र आहे. काम तुम्ही करता तर ओळखपत्रही तुमच्या नावाचं हवं. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात १८ व्यवसाय आहेत. टोपल्या, चटया, झाडू बनवणारे आहेत, शिंपीकामही आहे. हातमागाचे विणकर त्यात नाहीत, त्यामुळे येवल्याच्या तायांनी त्यासाठी चकरा मारू नका. पण एक नियम लक्षात ठेवा, कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं मिळून एक कुटुंब. मग नाव कुणाचं द्यायचं? ह्यावर भांडण करा असं मी म्हणत नाही. पण फॉर्म भरण्याआधी घरात बसून विचारा, टोपली विणतं कोण?

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याला आपण जीआय म्हणतो. म्हणजे पैठणी हे नाव आता कुणीही कशालाही लावू शकत नाही. पण मानांकन साडीला मिळतं. त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून विणकराला स्वतःच्या नावाची वेगळी नोंदणी करावी लागते. ज्यांना करायची असेल त्यांनी माझ्याकडे नाव द्या, कागदपत्रं आपण मिळून बघू.

चौथी गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अवघड आहे. आठवड्यातून दोन तास. त्या दोन तासांत ऑर्डरचं काम करायचं नाही. मनात आलेलं करून बघायचं. बिघडलं तर बिघडू दे. तेवढ्या वेळात चूल कुणी बघायची ते घरात आधीच ठरवून घ्या. सासूबाईंना सांगा, समन्वयक बाईने गृहपाठ दिलाय. सगळा दोष माझ्यावर घाला, मला चालेल.

७ ऑगस्ट ही तारीख का, तेही सांगते. १९०५ साली याच दिवशी कलकत्त्याला स्वदेशी चळवळीची घोषणा झाली होती. त्याची आठवण म्हणून २०१५ पासून हा दिवस साजरा होतो. आपल्या देशात बनलेलं वापरा, असं तेव्हाच्या लोकांनी सांगितलं. मी त्यात माझं एक वाक्य जोडते, बनवणारीचं नावही विचारा.

त्या ताई आज इथे आल्या आहेत. नाव घेऊ नको म्हणाल्या, म्हणून घेतलं नाही. मी आज त्यांचा तो न विकलेला तिसरा दुपट्टा मागून आणलाय. चहाच्या वेळी बाहेरच्या टेबलावर ठेवते. हात स्वच्छ पुसून उलटसुलट करून बघा. आणि मागच्या बाजूला काठाच्या कोपऱ्यात बघा. विणून झाल्यावर त्यांनी तिथे बारीक टाक्यांत दोन अक्षरं भरली आहेत. मी विचारलं, "विकायचा होता ना, मग नाव कशाला टाकलंत?"

म्हणाल्या, "म्हणून तर टाकलं."