मेंदूतील अतिजलद स्पंदने आणि आपले मौन

(बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



‘फेफरे’ हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी गावी दबक्या आवाजात ऐकला असेल. कुणी कोसळून हातपाय झाडू लागले की नाकाशी कांदा किंवा चप्पल धरली जाई. त्याने भागले नाही तर भगताला बोलावणे जाई. त्याच व्याधीविषयी, म्हणजे अपस्माराविषयी, मी आज बोलणार आहे.

ही बाधा बाहेरची नव्हे. मेंदूतील अब्जावधी पेशी सूक्ष्म विद्युत्संकेतांनी परस्परांशी व्यवहार करतात. त्यांतील एखादा समूह एकाच वेळी अनावरपणे उद्दीपित झाला की झटका येतो. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूचे संकेत प्रथम नोंदविले आणि १९२९ साली ते प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या आलेखात सेकंदाला सुमारे ८ ते १३ तरंग उमटतात.

पुढे अनेक दशके हा आलेख शाईच्या लेखणीने निघत असे. फार वेगवान स्पंदनांबरोबर ती लेखणी धावू शकत नव्हती. म्हणून ती कागदावर आलीच नाहीत. संगणक आल्यावर सेकंदाला २,००० वेळा मोजमाप घेणे शक्य झाले. १९९९ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी, अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत बसविलेल्या बारीक इलेक्ट्रोडमधून सेकंदाला ५०० पर्यंतची स्पंदने नोंदविली. त्यांतील अतिजलद स्पंदने, झटके जेथून उगम पावतात त्या भागाशी निगडित असल्याचे दिसून आले.

याचे महत्त्व काय? सुमारे एकतृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी थांबत नाहीत. त्यांपैकी काहींच्या मेंदूतील दोषी भाग शस्त्रक्रियेने काढता येतो. परंतु नेमका कोणता भाग काढावा, हे आधी कळले पाहिजे.

येथे सावधपणाही हवा. स्मरणशक्तीच्या कार्यात निरोगी मेंदूतही जलद स्पंदने उठतात. डोक्यावरून मोजताना जबड्याच्या स्नायूंची हालचालही आलेखात तशीच भासते. नेदरलँड्समध्ये ७८ रुग्णांवर केलेली एक चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेच्या वेळी केवळ या स्पंदनांवर विसंबणे हे जुन्या पद्धतीच्या तोडीचे आहे, असे तीत सिद्ध होऊ शकले नाही. संशोधकांनी ते जगापुढे मांडले. भगत आपले अपयश कधी सांगत नाही; विज्ञान सांगते. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर वा गुरूच्या अधिकारावर विसंबू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले, ते याहून वेगळे काय आहे?

बंधुभगिनींनो, कांदा आणि चप्पल आपण गावीच सोडून आलो. मौन मात्र बरोबर आणले. ब्रिटनमध्ये सुशिक्षित आईवडीलही मुलीचे झटके डॉक्टरांपासून लपवितात, कारण ‘लग्न ठरायचे आहे’. मुलगा गाडी चालविता यावी म्हणून झटक्याची वाच्यता करीत नाही. येथील नियमानुसार झटका आल्यास परवाना कार्यालयास कळवावे लागते आणि मोटार चालविण्यासाठी सर्वसाधारणपणे एक वर्ष झटक्याविना जावे लागते. हा नियम शिक्षा नाही; तो रस्त्यावरील प्रत्येकाच्या जिवाचे रक्षण करतो.

भारतात बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही विवाहातील अडचण मानली जात होती. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. कायद्याने काढलेला शब्द आपल्या मनातून अद्याप गेला आहे काय?

जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतात. एक आलेख निर्दोष आला म्हणून आजार नाही, असे मात्र समजू नये. कुणाला झटका आल्यास तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, झटके ओसरताच त्याला कुशीवर वळवा. पाच मिनिटांत तो थांबला नाही तर ९९९ ला फोन करा.

बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात आपल्याला जो धम्म दिला, तो ‘या आणि स्वतः पाहा’ असे सांगणारा आहे. ज्या व्याधीला आपले पूर्वज भुताटकी समजून घाबरले, ती आज मोजता येते. जे मोजता येते त्याची लाज कसली? आपल्या घरात कुणी हा आजार सोसत असेल, तर आज घरी गेल्यावर त्याच्याशी मोकळेपणाने बोला, एवढीच माझी विनंती आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!