मनमाडचे पाणी आणि जगाची मागणी

(मनमाड येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



मनमाड हे साठवणुकीचे गाव आहे. भारतीय अन्न महामंडळाची विस्तीर्ण गोदामे येथे आहेत आणि शेजारी पानेवाडीस इंधनाचे मोठे साठे आहेत. उत्तरेचा गहू आणि मुंबईहून नळवाटे येणारे इंधन येथे साठते व येथूनच दूरवर वाटले जाते. पण इतरांची गरज सांभाळणाऱ्या या गावाने पिण्याच्या पाण्यासाठी मात्र वर्षानुवर्षे पाळीची वाट पाहिली. टंचाईच्या दिवसांत पंधरा-पंधरा दिवसांनी नळाला पाणी आल्याचे आपण अनुभवले आहे.

1972 साली महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. त्याच वर्षी ‘क्लब ऑफ रोम’च्या अहवालाने वाढीच्या मर्यादांचा इशारा जगाला दिला. त्या सुमारास जगभर खनिजे, इंधने, रेती, लाकूड व पिके मिळून वर्षाला सुमारे 30 अब्ज टन सामग्री निसर्गातून घेतली जात असे. आज हा आकडा 100 अब्ज टनांपलीकडे गेला आहे. एका इंधनाला दुसरे इंधन पर्याय ठरू शकते. पाण्याला पर्याय नाही. पृथ्वीवरील पाण्यापैकी जेमतेम अडीच टक्के पाणी गोडे आहे आणि त्यातील बहुतांश बर्फात व भूगर्भात आहे.

ही मागणी आपल्या दारापर्यंत कशी येते, ते पाहा. एक किलो गहू पिकविण्यास जगाच्या सरासरीने सुमारे 1800 लिटर पाणी लागते. म्हणजे गोदामातील प्रत्येक पोत्याबरोबर पंजाब-हरियाणाचे पाणीही येथे आलेले असते. तसेच लासलगावचा कांदा आणि निफाड-दिंडोरीची द्राक्षे परदेशी जातात, तेव्हा कादवेचे पाणीही त्यांच्याबरोबर जाते. त्यावर हजारो कुटुंबांचा चरितार्थ चालतो. म्हणून शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. परंतु दूरच्या बाजारपेठेची मागणी आणि मनमाडची तहान एकाच नदीवर येऊन भिडतात, हे विसरून चालणार नाही.

कादवेवरील पालखेड धरणातून डाव्या कालव्याने पाणी पाटोद्याच्या साठवण तलावात येते व तेथून वागदर्डी धरणात आणले जाते. एवढ्या लांबच्या उघड्या वाटेवर गळती आहे, बाष्पीभवन आहे आणि दोन्ही काठांवर तहानलेली शेतीही आहे. म्हणूनच करंजवण धरणातून थेट जलवाहिनीने पाणी आणण्याची योजना शासनाने हाती घेतली. जलवाहिनी वाटेतील नासाडी थांबवील. मात्र ती धरणात नवे पाणी निर्माण करणार नाही.

मार्ग आपल्याच जिल्ह्यात सापडला आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापन केल्या. तेथे पाणी मोजून घेतले जाते व त्याप्रमाणे आकारणी होते. 2005 साली राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, त्यामागेही अशा प्रयोगांचा अनुभव होता.

शेतकऱ्याने स्वीकारलेली ही शिस्त शहरानेही स्वीकारावी. नळाला मीटर असावा, गळती तत्काळ दुरुस्त व्हावी, छपरावरचे पावसाचे पाणी विहिरीत जिरवावे आणि सांडपाणी शुद्ध करून बागा व बांधकामासाठी वापरावे. पाळीच्या दिवशी भरलेल्या पिंपातील थेंबही वाया न घालविण्याचे शिक्षण येथील घराघरांत माताभगिनींनी दिले आहे. उद्या नळ रोज वाहू लागला, तरी ही शिकवण आपण मोडू नये, एवढीच विनंती.