बारा किलोच्या पोराची गोळी



स्नेहसंमेलनात नाच आणि नाटकाच्या मधे पाहुण्याने फार लांबण लावू नये. तरी फार्मसीच्या मुलांपुढे एका गोळीचे गणित मांडतो. सिकलसेल हा रक्तविकार विदर्भाला नवा नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये त्याची नोंद केली होती. त्यावर हायड्रॉक्सीयुरिया चालते. किलोमागे रोज १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेनेही मुलांचे दुखण्याचे झटके कमी होतात, हे नागपूरच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या, म्हणजे आपल्या 'मेडिकल'मधल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. म्हणजे बारा किलोच्या पोराला १२० मिलिग्रॅम. हाती येते ती बहुधा ५०० ची कॅप्सूल. ती उघडायची, पाण्यात कालवायची, अंदाजाने चौथा हिस्सा पाजायचा. आणि ही भुकटी पेशींना घातक, म्हणून कालवणाऱ्या आईनेही जपायचे. मोठ्यांच्या मापाचे औषध लहानांच्या गळी उतरवण्याची ही कसरत थांबवायला त्रिमितीय छपाई कामी येऊ शकते, असे माझे म्हणणे आहे.

या छपाईत गोळी साच्यात दाबत नाहीत, थरावर थर देऊन उभी करतात. अमेरिकेने २०१५ मध्ये मंजूर केलेली फिट्सवरची 'स्प्रिटॅम' अशीच बनते. १००० मिलिग्रॅमची गोळीही घोटभर पाण्यात विरते. गंमत अशी, की ती कारखान्यातच, ठरावीक मापांत निघते. रुग्णागणिक माप तिथे नाहीच. ते साधले स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या रुग्णालयात. तिथल्या औषध विभागाने एका दुर्मीळ चयापचय विकाराच्या मुलांसाठी आयसोल्युसिनच्या चघळायच्या गोळ्या प्रत्येकाच्या मात्रेने छापल्या. मुले मोजकीच होती, पण रक्तातले प्रमाण आटोक्यात राहिले.

कुणी म्हणेल, यंत्र कशाला, १०० ची गोळी किंवा पातळ औषध द्या. बरोबर आहे, जिथे त्याने भागते तिथे छपाईची हौस नको. पण पोराचे वजन वाढते, रक्ततपासणीनुसार मात्रा बदलते, आणि दर पायरीला कारखाना नवे माप काढत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: चूक झाली तर जबाबदार कोण? आपला १९४० चा औषध कायदा कारखान्याचे मोठे घाणे डोळ्यांपुढे ठेवून बेतलेला. तीस गोळ्यांच्या घाण्यातल्या दहा फोडून तपासल्या तर रुग्णाला उरणार काय? म्हणून प्रत्येक गोळी तोलणे, अवरक्त किरणांनी न फोडता तपासणे, असे मार्ग लागतील. ब्रिटनने रुग्णाजवळ औषध बनवण्यासाठी २०२५ पासून वेगळे नियम लागू केले; आपल्यालाही ते लिहावे लागतील.

खरी अडचण पदार्थाची आहे. प्लॅस्टिकची तार वितळवून छापायची पद्धत हायड्रॉक्सीयुरियाला मानवणार नाही. तापल्यावर ते बिघडते. लगदा करून थंडच छापावे, तर त्यात ओल. आणि हे औषध ओल धरते आणि बिघडते. यंत्र तालुक्याला एक नको, मोठ्या रुग्णालयात एक पुरे, पण तिथून निघालेली महिन्याची डबी गडचिरोलीच्या पावसाळ्यात, मातीच्या भिंतीवरच्या फळीवर राहणार. त्या दमट हवेत तिच्यातले १२० मिलिग्रॅम कितव्या दिवशी ११० होतात, हे मोजायला तुमच्या प्रयोगशाळेतली स्थिरता-चाचणीची पेटी पुरते.