पडलेला अग्निबाण कोणाचा?



मोरिवलीच्या कारखान्यांतून कामगारांच्या सभा घेणाऱ्या माणसाने अग्निबाणावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शालेय शिक्षण थोडे. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झाले. पण हा विषय हिशेबाचा आहे, आणि हिशेब मागण्यातच आमचा जन्म गेला.

मुले छंद म्हणून लहान अग्निबाण उडवितात. पुठ्ठ्याची नळी, खाली दारूची कांडी, टोकाशी घडी घातलेली हवाई छत्री. समजा तो ३०० मीटर वर गेला आणि सेकंदाला ५ मीटर या वेगाने उतरू लागला. म्हणजे मिनिटभर तो हवेत. वारा सेकंदाला ६ मीटर असेल, तर तेवढ्यात तो ३६० मीटर लांब जाणार. (रसायनांच्या कारखान्यांशेजारी मात्र हा खेळ कोणी मांडू नये, माळरान गाठावे.) म्हणून त्याच्या पोटात आपली जागा बिनतारी संदेशाने कळविणारे छोटे यंत्र ठेवतात. पण जमीन जवळ आली की झाडे, उंचवटे आड येतात आणि नेमका तेव्हाच संदेश तुटतो. शेवटची नोंद ६० मीटर उंचीवरची आहे असे धरा. उरली १२ सेकंदे. मागच्या नोंदींवरून वेग व दिशा काढून सॉफ्टवेअर ती रेषा पुढे ओढते : आणखी ७२ मीटर. जमिनीलगत वारा मंद असतो, म्हणून खूण जरा अलीकडे. मग चार पोरांनी ओळ धरून गवत तुडवावयाचे. ते काम कोणतेही यंत्र करीत नाही.

आता मोठा अग्निबाण पाहा. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्राच्या आकाशातून जळते पट्टे सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. जवळपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. कोणी उल्का म्हणाले, कोणी उपग्रह. येथे वस्तू हाती होती. हरवला होता तो मालक!

तो हिशेबाने सापडला. असा तुकडा पृथ्वीभोवती सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावतो. वेळेत एका मिनिटाची चूक झाली, तर जागा ४५० किलोमीटर चुकते. अंबरनाथ ते नांदेड म्हणा ना! वरच्या वस्तूंच्या मार्गांची टिपणे ठेवली जातात. ती तपासून जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने सांगितले, की फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चीनच्या 'चांग झेंग ३ बी' अग्निबाणाचा हा तिसरा टप्पा असावा.

कोणाचा, हे कळून काय मिळते? कारखान्यात अपघात झाला की मालक कंत्राटदाराकडे बोट दाखवितो आणि कंत्राटदार पोटकंत्राटदाराकडे. जखमी कामगार मधल्यामध्ये लोंबकळतो. आकाशाच्या बाबतीत १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार अधिक सरळ आहे. जमिनीवर नुकसान झाले, तर ज्या देशाने ते यान सोडले त्याने भरपाई द्यावयाची. कोणाची चूक, हे सिद्ध करावे लागत नाही. भारत व चीन दोघेही त्यात सामील आहेत. पण देश ओळखला गेला नाही, तर मागणी करावयाची कोणाकडे? लाडबोरीत सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही.

आणि त्या ओळखीला पुरावा कोणाचा? गणिताबरोबरच, अंगणात उभे राहून तो प्रकाश टिपणाऱ्या सामान्य माणसांचा. कोठून दिसला, कोणत्या दिशेला गेला, घड्याळात किती वाजले होते.