जुने औषध, नवे काम

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात दिलेले भाषण)



आम्ही वैद्यकशास्त्राचे जाणकार नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत रमलेले सामान्य वाचक आहोत. तरीही पक्षाघाताविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत. आपल्या घरोघरी वडीलधारी माणसे आहेत, आणि हाकेला धावणारे आप्त मात्र शेकडो मैल दूर आहेत.

मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की पेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो व त्या मरू लागतात. हा लोंढा थोपवता येईल काय? निमोडिपिन हे रक्तदाबावरील कॅल्शियमरोधक औषधांच्या कुळातले. मेंदूच्या आवरणाखाली रक्तवाहिनी फुटून होणाऱ्या रक्तस्रावात त्याची परीक्षा झाली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत ५५४ रुग्ण होते. मेंदूचा भाग मृत होण्याचे प्रमाण या औषधाविना शेकडा ३३, तर औषधाने २२ आढळले. रक्तवाहिन्यांचे आकुंचन रोखावे हा मूळ हेतू; ते फारसे कमी झालेले दिसले नाही. म्हणून हे औषध प्रत्यक्ष पेशींचेच रक्षण करीत असावे, असे मानले जाते. अशा रक्तस्रावात आजही ते २१ दिवस देतात.

मग रक्ताच्या गुठळीने होणाऱ्या, अधिक आढळणाऱ्या पक्षाघाताचे काय? नेदरलँड्समध्ये झटक्यानंतर ६ तासांच्या आत तेच औषध देऊन पाहिले. ४५४ रुग्णांनंतरही लाभ दिसेना, म्हणून चाचणी थांबविली गेली. २००१ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एका दुखण्यावर आलेला गुण दुसऱ्यावर गृहीत धरता येत नाही, हा त्याचा धडा.

याउलट, गुठळी विरघळविणारे अल्टेप्लेस प्रथम हृदयविकारासाठी वापरात आले. १९९५ सालच्या अमेरिकन चाचणीने ते गुठळीच्या पक्षाघातातही ३ तासांच्या आत उपयुक्त ठरविले; पुढे ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. पण रक्तस्राव असता हेच औषध घातक ठरते, आणि गुठळी की रक्तस्राव हे सीटी स्कॅनवाचून कळत नाही. यास्तव तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला वा बोबडी वळली, तर घरी ॲस्पिरिन किंवा रक्तदाबाची गोळी देत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे. माणूस शेवटचे धडधाकट केव्हा दिसले, ती वेळ टिपून ठेवावी.

आणखी एक गोष्ट परमुलखातल्या आपल्यासाठी महत्त्वाची. डॉक्टर रुग्णाची वाचा तपासतात. गावाहून आलेल्या आजींना मराठीखेरीज दुसरी भाषा येत नसेल, तर त्यांचे बोलणे अडखळते आहे की केवळ अनोळखी आहे, हे परभाषी डॉक्टरांना कसे उमगावे? म्हणून मराठी जाणणारे कोणी तरी सोबत असावेच.

मंडळाने आपल्या शहरातील, रात्रंदिवस सीटी स्कॅन व हे इंजेक्शन मिळणाऱ्या रुग्णालयांची यादी घरोघरी पोहोचवावी आणि सोबत जाऊ शकणाऱ्या सभासदांची नावे तीत छापावी, अशी आमची नम्र सूचना आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात याहून मोलाची भेट आम्हांला तरी सुचत नाही.